पोलादी मेढेकोट व मुंबईंतील भरतीचें पाणी

मेढेकोट हा शब्द मराठी बखरींच्या वाचकांस परिचित आहे. दगडी तट बांधण्यास अवकाश नसे तेथें लांकडी मेढी जवळजवळ रोवून ठाण्याभोंवतीं कुसूं उभारीत. शत्रु मनुष्य असतां ही योजना पुरे. शत्रु पाणी असतां दोन मेढींमधील बारीक फटही घात करते. ताडकळसासारख्या गोदावरीच्या खोऱ्यांतील गांवीं राहणारांनीं समुद्रकांठच्या उपसा-केंद्रांचा विचार कां करावा, असें कोणी विचारील. विहीर खणणारास कड ढासळण्याचें भय सर्वत्र सारखेंच. समुद्रकांठीं तें शतगुणित होतें, इतकाच भेद.

प्रथम पूर्वेतिहास पाहूं. वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी मुंबई बेटांत शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१–१७८४) याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बांधानें तें अडविलें. हा बांध पुनःपुन्हां ढासळे, व रामजी शिवजी प्रभु यांस दृष्टान्त होऊन समुद्रांतून देवीच्या मूर्ति निघाल्यावरच तो टिकला, अशी आख्यायिका आहे. दृष्टान्त हा श्रद्धेचा विषय होय. परंतु चिखलांत पाया ठरत नसल्याची आठवण त्या कथेंत राहिली असावी, असें आम्हांस वाटतें.

बांधानें समुद्र बाहेर राहिला, पण पाऊस आंत अडकला. कोंकणांतील खारबंदिस्तीचा शेतकरी बांधास उघाडी ठेवतो. भरतीचें पाणी तिची झडप लोटून बंद करतें, व ओहोटीस आंतलें पाणी ती उघडतें. कांहीं तास पाणी तुंबलें तरी भात सोसतें. शहर सोसत नाहीं. मुंबईच्या पर्जन्यजलाचीं समुद्राकडील मुखें १८६ मोजण्यांत आलीं. त्यांपैकीं ४५ समुद्राच्या मध्यम पातळीखालीं, १३५ तिच्या वर परंतु भरतीच्या पातळीखालीं, आणि अवघीं ६ भरतीच्याही वर! यास्तव भरतीच्या वेळीं झडप लावून पाणी यंत्रानें उपसून टाकणें, हाच मार्ग उरतो.

उपसा-केंद्राची विहीर नाल्याच्या तळाहून खोल असावी लागते. ती खणतांना मऊ सागरी चिकणमाती बाजूंनीं ढासळते आणि पाणी तळांतून उसळतें. १९०२ सालीं जर्मनींतील ब्रेमेन येथील अभियंता ट्रिग्वे लार्सन यानें खांचेंत खांच अडकणाऱ्या पोलादी पत्र्यांची रचना काढली. हाच आमचा पोलादी मेढेकोट. यांत फट जवळजवळ उरत नाहीं. पत्रे विहिरीच्या तळाहूनही खोल ठोकतात. त्यामुळें पाण्यास त्यांच्या पायथ्याखालून वळसा घ्यावा लागतो व लांबलेल्या वाटेंत त्याचा जोर मोडतो. या उपायास मर्यादाही आहेत. लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यांत गंज सर्वाधिक चढतो. आणि मुंबईंत जेथें चिखलाखालीं लवकरच काळा पाषाण लागतो, तेथें पत्रा शिरत नाहीं, खडकांत भोंकें पाडून काँक्रीटचे खांब उभारावे लागतात.

परंतु विद्या असणें निराळें व ती वेळेवर योजणें निराळें. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड नांवाचा अहवाल १९९३ सालीं सिद्ध झाला. ताशीं २५ मिलिमीटरऐवजीं ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची ती योजना. तींत आठ उपसा-केंद्रें आहेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ती बव्हंशीं कागदावरच होती. पुढें डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीनें कारणमीमांसा केली, कामास गति आली, व २०१९ पर्यंत हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलॅण्ड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध हीं सहा केंद्रें चालू झालीं. मोगरा व माहुल हीं मागें राहिलीं.

मेढ रोवतांना ती हलवून हलवून पुन्हां ठोकतात, म्हणजे पक्की बसते. आक्षेप घेऊन सिद्धान्त दृढ करण्याच्या रीतीस संस्कृत शास्त्रकार यावरूनच स्थूणानिखननन्याय म्हणतात. मेढ हलवून पाहण्याचें काम रोवणारानें करावयाचें असतें. मुंबईंत तें पुराकडे सोपविलें गेलें. १९९३ ते २००५ या बारा वर्षांचा जाब इतिहासानें विचारला पाहिजे, तो याचसाठीं.