कारूतलं शेत, आणि सिनेमाने गाळलेलं बरंच काही

वसाहतीतल्या शेतावरचं बालपण म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र येतं. अफाट माळरान, सोनेरी ऊन, अनवाणी पळणारी गोरी पोरं. ऑलिव्ह श्रायनरच्या 'द स्टोरी ऑफ अ‍ॅन आफ्रिकन फार्म' या कादंबरीवर २००४ साली डेव्हिड लिस्टरने सिनेमा केला. रिचर्ड ई. ग्रँट त्यात खलनायक आहे, आणि धमाल काम केलंय त्याने. सिनेमा मी आवडीने पाहिला. पण आधी कादंबरी वाचलेली असल्यामुळे एक गोष्ट सारखी टोचत राहिली. आजचं लेखन त्या टोचणीबद्दल.

आधी थोडा इतिहास. श्रायनरचा जन्म १८५५ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीतल्या एका मिशन स्टेशनवर. वडील जर्मन मिशनरी, पुढे पार कफल्लक झालेले. शाळा-कॉलेज असं फारसं काही बाईंच्या वाट्याला आलं नाही. कारू भागातल्या बोअर शेतकऱ्यांच्या (म्हणजे मूळच्या डच वसाहतवाल्यांच्या) घरी राहून त्यांच्या पोरांना शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात लिहायचं. कारू म्हणजे अर्धवाळवंटी पठार. पाऊस बेभरवशाचा, झाडं खुरटी, आणि जिकडे बघावं तिकडे मेंढ्या. १८८१ साली बाई हस्तलिखित घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये पुस्तक आलं. लेखकाचं नाव? राल्फ आयर्न. बाईचं नाव टाकून असलं पुस्तक काढायची सोय नव्हती!

गोष्ट १८६२ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमाराची. शेताची मालकीण टांट सॅनी (टांट म्हणजे मावशी), तिची सावत्र मुलगी एम, एमची अनाथ चुलतबहीण लिंडल, आणि जर्मन मुकादम ऑट्टोचा मुलगा वाल्डो. एक दिवस बोनापार्ट ब्लेंकिन्स नावाचा भामटा पायी चालत येतो. आपलं थेट नेपोलियनशी नातं आहे म्हणून सांगतो. भोळा ऑट्टो त्याला आसरा देतो, आणि हा इसम मालकिणीला खिशात घालून ऑट्टोलाच नोकरीवरून काढायला लावतो. शेत सोडायच्या आदल्या रात्रीच ऑट्टो जातो.

मग पाळी वाल्डोची. या पोराने मेंढ्यांची लोकर कातरायच्या यंत्राचं मॉडेल बनवलेलं असतं. लाकडाचं, हाताने, रात्री जागून. बोनापार्ट ते कौतुकाने बघतो, आणि बुटाखाली चिरडून निघून जातो. नंतर वाल्डोला सापडलेलं जॉन स्टुअर्ट मिलचं अर्थशास्त्राचं पुस्तकही जाळलं जातं. आपण प्रोटोटाइपवाली माणसं, त्यामुळे तो प्रसंग वाचताना मला अक्षरशः पोटात कालवलं. आणि वाल्डोची आयडिया खुळी नव्हती हो! ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक वोल्सलीने लोकर कातरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं १८७७ मध्ये. एका मोठ्या शेतावरच्या सगळ्या मेंढ्या यंत्राने कातरल्या गेल्या १८८८ मध्ये, डनलॉप स्टेशनवर. वोल्सलीच्याच कंपनीत हर्बर्ट ऑस्टिन नावाचा इंजिनियर होता. त्याने तिथेच मोटारी बनवायला सुरुवात केली आणि १९०५ मध्ये स्वतःची ऑस्टिन कंपनी काढली. म्हणजे वाल्डोच्या डोक्यातलं यंत्र पुढे खरंच जगात आलं. फक्त ते कारूतल्या एका गरीब मुकादमाच्या पोराच्या हातून येणं शक्य नव्हतं.

आता सिनेमाकडे. सिनेमा साधारण कादंबरीच्या पूर्वार्धावर थांबतो. भामटा येतो, छळतो, उघडा पडतो. पोरं जिंकतात. अमेरिकेत तर हा 'बस्टिन बोनापार्ट' या नावाने आला, म्हणजे बघा! घरच्या सगळ्यांनी बसून बघावा असा पिक्चर. उत्तरार्धात लिंडल मोठी होते. बाईच्या जातीला आयुष्यात नक्की काय मिळतं यावर ती जे बोलते, त्याने व्हिक्टोरियन इंग्लंड हादरलं. ती पोटात मूल असताना त्याच्या बापाशी लग्न करायला नकार देते. मूल जातं, तीही जाते. वाल्डोही उरत नाही. हे सगळं गाळलं की उरतो एकच व्हिलन, आणि त्याला हाकलला की प्रश्न मिटला.

पण कादंबरीत तो मिटत नाही. ऑट्टोला मालकीण हाकलत असते तेव्हा तो मदतीच्या आशेने खोईखोई मोलकरणीकडे बघतो. तिच्याशी तो नेहमी चांगला वागलेला असतो. आणि ती खदाखदा हसते. कारण कालपर्यंत मालकाच्या जागी असलेल्या गोऱ्या माणसाची शिकार होताना बघून तिला बरं वाटतं. वाचताना आधी तिचा राग येतो. मग लक्षात येतं की ज्या शेताला आपण इतका वेळ 'बिचाऱ्या पोरांचं शेत' समजत होतो, तिथे तिला साधं नावसुद्धा नाहीये. ऑट्टोचा चांगुलपणा खरा होता, पण तिच्या दृष्टीने तो आधी मालकांच्या बाजूचाच.

गंमत म्हणजे तिला नाव न देणारी लेखिकाही श्रायनरच. पण बाई तिथे थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने आफ्रिकनांवर केलेल्या अत्याचारांवर सरळ कादंबरिका लिहिली. मताधिकाराच्या चळवळीत त्या पुढे होत्या, पण मागणी फक्त गोऱ्या बायकांपुरती होतेय म्हटल्यावर संघटनेतून बाहेर पडल्या. (गोऱ्या बायकांना तिथे मत मिळालं १९३० मध्ये. सगळ्यांना? थेट १९९४.) गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात त्यांचा आदराने उल्लेख केलाय. एवढी मोठी लेखिका, पण भांडी स्वतः घासायची, स्वयंपाक स्वतः करायची, याचं त्यांना विशेष वाटलं होतं.

असो. सिनेमा जरूर बघा, लहान भाचरं असतील तर त्यांच्याबरोबर बघा. ग्रँटला बघून ती खूष होतील. पण पोरं झोपली की कादंबरी काढा, आणि उत्तरार्ध टाळू नका. आणि हो, त्या हसणाऱ्या बाईपाशी दोन मिनिटं थांबा.