नाव घालण्याचा इतिहास

मुलाचे 'शाळेत नाव घालणे' या साध्या वाक्प्रचारात एका कुटुंबाचा मोठा निर्णय सामावलेला असतो. संस्थांचे इतिहास लिहिले जातात ते संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि मुख्याध्यापकांचे. ज्या आईवडिलांनी नव्या, अनोळखी, सरकारी नसलेल्या शाळेत आपले चार-पाच वर्षांचे मूल आणून बसवले, त्यांचा उल्लेख सहसा एका ओळीत आटोपतो. वस्तुतः खाजगी प्राथमिक शिक्षणाचा इतिहास त्यांच्यापासूनच सुरू होतो.

पंतोजींच्या काळी हा प्रश्न फारसा नव्हता. विजयादशमीचा मुहूर्त, पाटीवर एकच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती, पंतोजींच्या हाती नारळ, आणि मूल शाळेचे झाले. अर्थात ते मूल कोणत्या घरातले असावे हे आधीच ठरलेले असे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा नाव घालणे हेच धाडस ठरले. शाळा उघडणाऱ्यांवर झालेले आघात आज सर्वांना ठाऊक आहेत. त्या शाळेत मुलगी धाडणाऱ्या घराला शेजारपाजाऱ्यांचे काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची केवळ कल्पना करता येते. पुढे १८८२ च्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. तिला पहिला मोठा प्रतिसाद मिळाला तो एका मराठी राजाच्या गुजराती मुलखात. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर लागू केला. त्या कायद्याने मुलाचे सातवे वर्ष ही सक्तीची सुरुवात धरली. सातच्या आतले मूल घराचे, अशीच तेव्हाची समजूत होती.

ही समजूत मोडली ती त्याच काठियावाडात, आणि ती मोडणारी माणसे शिक्षणाच्या वाटेने नव्हे, तर पालकपणाच्या वाटेने आली होती. गिजुभाई बधेका पेशाने वकील. मुलाच्या जन्मानंतर त्याला कोणत्या तऱ्हेचे शिक्षण द्यावे हा प्रश्न त्यांना पडला. शोध घेता घेता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीविषयीचे पुस्तक आले. रोममधील सान लोरेंझो वस्तीत १९०७ मध्ये सुरू झालेल्या बालगृहाची हकीकत वाचून या वकिलाचे मन कोर्टातून उडाले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर उघडले. स्वतःच्या मुलाला शोभेशी शाळा मिळेना, म्हणून ती काढणारा बाप असे त्यांचे वर्णन केले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. मुले त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणत.

त्या बालमंदिरात मूल घालणाऱ्या पालकाची अडचण आजच्या वाचकाने समजून घ्यावी. शाळा म्हणजे पाढे, घोकंपट्टी आणि छडी, हे समीकरण पक्के होते. येथे मूल पाणी ओतते, दाणे निवडते, गोष्ट ऐकते, गाणे म्हणते. शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. पैसे भरून मुलाला खेळायला पाठवायचे काय, हा प्रश्न त्या काळी सर्वस्वी रास्त होता. गिजुभाईंनी तो थट्टेवारी नेला नाही. मुलांसाठी लिहिले, तसेच त्यांनी आईबापांसाठीही लिहिले. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'आईबाप होणे अवघड आहे' असा आहे. बालमंदिरात नाव मुलाचे घातले जाई, पण शिकावे लागे घरालाही.

ताराबाई मोडक याच वाटेने भावनगरला पोहोचल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मानाचे पद सोडून १९२३ मध्ये त्या बालमंदिरात आल्या. लहानग्या मुलीच्या शिक्षणाची चिंता त्यांच्याही मनात होती. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे गुजरातीतला हा विचार मराठीत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ताराबाईंचे. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले, आणि मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाला अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठीही शाळा असू शकते हे प्रथमच जवळून दिसले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: मराठी बालवाडीचा उगम पुण्यामुंबईत नाही, तो गुजरातीभाषक भावनगरात आहे.

शहरातले पालक आपण होऊन दाराशी येऊ लागल्यावर ताराबाई तेथे थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. येथे नाव घालण्याची रीतच उलटी झाली. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत ना. घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, आईबाप कामाला गेलेले असत. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात जाऊ लागली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम हलल्यावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथे शिक्षक जाई. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आसाम असो वा तमिळनाडू, सरकारी कागदावरचा हा मराठी शब्द बोर्डीच्या अंगणातून आलेला आहे.

दरम्यान शहरांत वारे फिरले. शाळा मुलाला शोधीत होती, ती आता मुलाची निवड करू लागली. अर्जासाठी पहाटेपासूनच्या रांगा लागल्या. तीन वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावणाऱ्या आणि आईबापांचे इंग्रजी जोखणाऱ्या मुलाखती सुरू झाल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी अशी चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई केली. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असेही सांगितले. ही शेवटची तरतूद वाचून जुन्या पिढीला हसू येईल. गुरुजींनी जनरल रजिस्टरात अंदाजाने लिहिलेली एक जून ही जन्मतारीख कित्येकांनी निवृत्तीपर्यंत आणि पेन्शनच्या कागदांपर्यंत निमूटपणे वागवली आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेची कथा या सर्वांहून थोडी निराळी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेबरोबर घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. ३० व्या कलमाने अशा समाजाला स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क आधीच दिला होता. अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरते हे २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट झाले. त्यामुळे पुण्यातली मराठी शाळा बहुसंख्याकांची, तर बडोदे, इंदूर किंवा हैदराबादमधली अल्पसंख्याकांची.

त्यानंतर ६ मे २०१४ हा दिवस आला. त्या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन निकाल दिले. पहिल्याने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. दुसरा कर्नाटकातील खटल्याचा होता. प्राथमिक शाळेत मूल कोणत्या माध्यमातून शिकेल हे राज्याने लादू नये, ते मुलाने आणि त्याच्या वतीने पालकांनी ठरवावे, असा त्याचा आशय. मातृभाषेच्या कैवाऱ्यांना तो झोंबला, आणि ते स्वाभाविकच होते. पण त्याने एक पळवाट बंद केली. मराठी शाळेचे वर्ग ओस पडले तर दोष आता सरकारच्या सक्तीवर ढकलता येत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या काही मराठी संस्थांनी या काळात आपल्या शाळांचे माध्यम बदलून मराठी हा एक विषय ठेवला आहे. जेथे माध्यम टिकून आहे, तेथे मे महिन्यात शिक्षिका घरोघर जाऊन पहिलीसाठी मुले मागतात. ज्या दारांवर त्या थाप देतात, त्यांतली बरीचशी दारे माजी विद्यार्थ्यांचीच असतात. चहा होतो, जुन्या बाईंची आठवण निघते, स्नेहसंमेलनातल्या नाटकाची निघते, आणि मग प्रवेश-अर्ज टेबलावर ठेवला जातो. त्यावर मातृभाषेचा रकाना वर असतो आणि पालकाच्या सहीची जागा अगदी खाली.