ट्रान्स्पोझेज, जीवाणूंतील

जीवाणूंच्या डीएनएमधील स्थानांतरशील घटक मूळ जागेवरून कापून दुसरीकडे जोडणारे एंझाइम. असे घटक बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्यात प्रथम ओळखले. टीएन५ या घटकाचे ४७६ ॲमिनो अम्लांचे ट्रान्स्पोझेज मुळात मंद असते. जीवाणूची जनुके त्यामुळेच शाबूत राहतात. ५४ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन आले, की घटकाच्या टोकावरील पकड घट्ट होते. ५६ व्या स्थानचे मिथिओनीन बदलले, तर ट्रान्स्पोझेजला रोखणारे प्रथिन तयारच होत नाही. दोन्ही बदलांनी स्थानांतर वाढते (पहा : उत्परिवर्तन). टीएन५ वर कॅनामायसीन व स्ट्रेप्टोमायसीन यांना रोधाची जनुके असतात (पहा : प्रतिजैविके).