दागिने काढून ठेवा : गोरेपणाच्या डबीतील पाऱ्याचा इतिहास

१/
गेल्या लग्नसराईत माझ्या मावसबहिणीने यवतमाळच्या बाजारातून एक डबी आणली. पाच दिवसांत रंग उजळेल, असे विकणाऱ्याने सांगितले होते. डबीवर निर्मात्याचे नाव नव्हते, घटकद्रव्यांची यादीही नव्हती. होती ती केवळ एक सूचना : लावण्यापूर्वी सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवावेत. या सूचनेपाशी मी थबकले. तिचा उलगडा करायचा तर बरेच मागे जावे लागते.

२/
प्रारंभ घरच्या हळदीपासून करू. आमच्या जिल्ह्यात उमरखेड-महागावच्या पट्ट्यात ती पिकते. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार यांची जोड दिली की कुंकू सिद्ध होते. हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, टाकणखारातील बोरॉनशी आम्लात संयोग पावते आणि लाल होते. ज्या काळी प्रयोगशाळा हा शब्दही नव्हता, त्या काळी हे रसायन घरोघरी चालत असे.

३/
परंतु लाल भुकटी देणारी द्रव्ये आणखीही होती. शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ पारा आणि गंधक यांच्या संयोगातून. रंग जवळजवळ सारखा, कूळ सर्वस्वी निराळे. रसशास्त्राच्या ग्रंथांनी हिंगूळ वापरण्यापूर्वी त्याचे शोधन करण्याच्या कृती दिल्या आहेत. ते शोधन आजच्या कसोटीवर किती उतरते हा प्रश्न वेगळा. पण हा पदार्थ जपून हाताळावयाचा आहे, ही जाणीव त्यांना होती.

४/
हळदीविषयी एक गैरसमज येथेच दूर करते. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि १९५३ च्या एका वैद्यकीय शोधनिबंधाचे दाखले दिले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ‘हळदीने त्वचा उजळते हे अमेरिकेनेही मान्य केले’, असा अर्थ त्यातून काढणारे संदेश फिरत असतात. वाद गोरेपणाचा नव्हताच. ज्ञान नवे की जुने, एवढाच प्रश्न होता. हळद त्वचेवर पिवळी झाक ठेवते, आणि हळदी समारंभाच्या छायाचित्रांत जे तेज दिसते त्यात तिचा वाटा मोठा असतो.

५/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्यमवर्गीय घरांतल्या फडताळांवर ‘स्नो’ आला. मुंबईत १९१९ साली इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी ‘अफगाण स्नो’ काढला. अशा व्हॅनिशिंग क्रीमची मूळ कृती साधी आहे : स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार, ग्लिसरीन, पाणी आणि सुगंध. स्टिअरिक आम्लाचा पातळ थर चेहऱ्यावर मोत्यासारखी झाक देतो, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. त्वचेचा मूळ रंग त्याने बदलत नाही. तोंड धुतले की स्नो उतरतो.

६/
रंग बदलायचा तर मेलॅनिनपर्यंत पोहोचावे लागते. त्वचेतील टायरोसिनेज हे विकर मेलॅनिन घडविते आणि त्याच्या कार्यासाठी तांबे आवश्यक असते. पाऱ्याचे क्षार नेमका येथेच अडथळा आणतात. म्हणून रंग खरोखर उतरतो, आणि तेही लवकर. बाजारात पाऱ्याचे पाऊल इतकी वर्षे का टिकले, याचे उत्तर या परिणामकारकतेत आहे. निव्वळ फसवणूक असती तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले नसते. मात्र पारा त्वचेत थांबत नाही. तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

७/
अमोनिएटेड मर्क्युरी घातलेली ‘ब्लीचिंग’ मलमे पाश्चात्त्य देशांत उघड विकली जात. अमेरिकेने १९७३ मध्ये त्वचा उजळविणाऱ्या प्रसाधनांतून पारा हद्दपार केला. आपल्याकडे १९४० चा कायदा मुळात केवळ औषधांचा होता. सौंदर्यप्रसाधने त्यात आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. आजच्या २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

१९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. तिच्यातील नायसिनामाइड, म्हणजे जीवनसत्त्व ब-३ चे एक रूप, मेलॅनिनचे कण वरच्या पेशींत जाणे मंदावते. परिणाम सौम्य असतो आणि सावकाश दिसतो. त्या जाहिरातींनी सावळ्या मुलींच्या मनावर काय कोरले, यावर स्वतंत्र धागा लिहावा लागेल. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला. येथे मुद्दा वेगळा आहे : संथ आणि कायदेशीर द्रव्याशेजारी जलद आणि निनावी द्रव्याची बाजारपेठ सुखेनैव चालू राहिली.

८/
ती आपल्या दारापर्यंत आलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेले अकोल्याचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. एकाच कुटुंबातील तीन स्त्रिया एकच क्रीम लावत होत्या आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. कारण सापडत नव्हते. अखेर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत क्रीममध्ये पारा आढळला. अकोला आणि यवतमाळ एकाच महसुली विभागात येतात, दोन्हीकडची लग्नसराई एकच आहे, आणि ‘गोरी वधू पाहिजे’ ही ओळही.

९/
आता त्या सूचनेकडे वळते. पारा सोन्याशी आणि चांदीशी संयोग पावतो. पूर्वी मुलामा देणारे कारागीर याच गुणावर आपले काम करीत. पाऱ्याचे क्रीम अंगठीला लागले तर तिच्यावर डाग पडतो, म्हणून दागिने काढण्याची सूचना. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशी सूचना पाऱ्याच्या संशयाची खूण मानली आहे. वेष्टनावर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड किंवा मर्क्युरिक असे शब्द दिसले, तर संशयालाही जागा उरत नाही. आमच्या डबीवर यांपैकी काहीच नव्हते. विकणाऱ्याला दागिन्यांची काळजी होती, एवढे मात्र दिसले.

१०/
बहिणीने ते नऊ दिवस लावले होते. डॉक्टरांनी लघवीची तपासणी आणि रक्तातील पाऱ्याचे प्रमाण पाहण्यास सांगितले. क्रीम थांबविल्यावर रंग पुन्हा पूर्वीसारखा होऊ लागला, याचे तिला अधिक वाईट वाटले. मावशीही तोच टॉवेल वापरत असे, म्हणून तिचीही तपासणी करून घेतली. घरातील इतरांपर्यंत पारा टॉवेल, उश्या आणि वाफ यांतून पोहोचतो. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावयाची असल्याने ती डबी मी दोन पिशव्यांत बांधून ठेवली आहे. अशी डबी कोणाच्या घरी असेल, तर ती मोरीत रिकामी करू नका.