पाहुणे मजूर आणि त्यांचा हिशेब

‘पाहुणा’ हा शब्द आपल्याकडे किती गोड आहे! पाहुणा आला की चहा टाकायचा, पाट मांडायचा, दोन घास जास्त वाढायचे. आणि पाहुण्याने चार दिवसांत आपण होऊन निघायचे, हाही त्यातलाच भाग. पण ‘पाहुणा मजूर’ म्हटले की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. पाहुण्याला कोणी शेतात राबायला लावते का? तरीही जगातल्या मोठमोठ्या देशांनी या नावाच्या योजना काढल्या आणि त्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत.

आपल्या घराघरांतून माणसे अमेरिकेत गेली आहेत, म्हणून हा वाद फोनवरूनही आपल्यापर्यंत पोचतो. माझा भाचा म्हणतो, “आत्या, आम्ही नियमाने रांगेत उभे राहिलो, आणि हे लोक कुंपणाखालून येतात. त्यांच्या शाळेचा, दवाखान्याचा खर्च आमच्या टॅक्समधून!” त्याच्याच घरात भाचेसून म्हणते, “मग ती स्ट्रॉबेरी कोण तोडणार, तुम्ही?” दोघांचेही म्हणणे अगदी चूक नाही. पण दोघांनाही वाटते की ‘परवान्याने आलेला मजूर’ आणि ‘बिनपरवान्याचा मजूर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक वाढली की दुसरी कमी होते. मी शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे असे काही ऐकले की आधी घडले काय ते बघावेसे वाटते. अमेरिकेने हा प्रयोग बावीस वर्षे करून पाहिलेला आहे. त्याचे नाव ‘ब्रासेरो’. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे हाताने काम करणारा. नावातच सगळे आले. हात पाहिजे होते!

साल १९४२. अमेरिका महायुद्धात उतरलेली, तरुण सैन्यात किंवा कारखान्यांत गेलेले, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत पीक उभे. ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. मेक्सिको सरकार सहजासहजी तयार नव्हते. कारण दहाच वर्षांपूर्वी, मंदीच्या काळात, त्याच अमेरिकेने लाखो मेक्सिकन लोकांना गाडीत घालून परत पाठवले होते, आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेली, तिथली नागरिक असलेली मुलेही होती. म्हणून या वेळी मेक्सिकोने अटी घातल्या. लेखी करार, जाण्या-येण्याचा खर्च, राहायला जागा, तासाला किमान ३० सेंट मजुरी, कराराच्या निदान पाऊण दिवसांना कामाची हमी, आणि संप फोडायला या लोकांना वापरायचे नाही. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना वाईट वागवतात म्हणून सुरुवातीला टेक्सासला मजूर द्यायलाच मेक्सिकोने नकार दिला. कागदावर पाहिले तर त्या काळच्या अमेरिकन शेतमजुरालाही एवढे संरक्षण नव्हते!

आता शेतावर काय चालले होते ते पाहा. भरती केंद्रांवर माणसांचे तळहात तपासले जात, घट्टे आहेत ना, म्हणजे खरा शेतकरी आहे ना. सीमेवर कपडे उतरवून अंगावर डीडीटीची पावडर फवारली जाई. १९५६ साली लेनर्ड नाडेल या छायाचित्रकाराने टेक्सासमधल्या अशाच एका केंद्राची छायाचित्रे काढली, ती आजही पाहायला मिळतात. पहिल्या काही वर्षांत मजुरीतले दहा टक्के कापून ठेवले जात, परत गेल्यावर मेक्सिकोत मिळतील म्हणून. ते पैसे अनेकांना मिळालेच नाहीत. तरुणपणी कापलेल्या पैशांसाठी माणसे म्हातारपणी मोर्चे काढत राहिली, आणि २००५ साली मेक्सिकोने निधी स्थापून प्रत्येकी ३८ हजार पेसो द्यायचे ठरवले. तोवर कितीतरी जण गेलेही होते.

करारात हक्क होते, मग ते मिळाले का नाहीत? याचे उत्तर एका गोष्टीत आहे. मजूर ज्या मालकाच्या नावाने आला त्यालाच बांधलेला होता. जागा वाईट, अन्न वाईट, हिशेबात खोट, काहीही असले तरी दुसरीकडे जायची सोय नव्हती. तक्रार केली की पुढच्या हंगामाला नाव नाही, नाहीतर सरळ परतीची गाडी. ज्याला नोकरी सोडता येत नाही त्याने हक्क मागायचे कसे? अमेरिकेच्या कामगार खात्यातर्फे ही योजना सांभाळणाऱ्या ली विल्यम्स या अधिकाऱ्यानेच पुढे तिला कायदेशीर गुलामगिरी म्हटले.

आणि आता माझ्या भाच्याच्या मुद्द्याकडे येऊ. परवान्याची वाट उघडली म्हणून चोरवाट बंद झाली का? पहिली बारा वर्षे तर उलटेच झाले. दोन्ही वाटा बरोबरीने वाढल्या. एकाच गावातले दोघे निघत. एकाला भरती केंद्रावर लाच द्यायला पैसे असत, दुसऱ्याकडे नसत, तो रिओ ग्रांदे नदी पोहून जाई. नदी पोहून आलेल्याला तिकडे ‘ओल्या पाठीचा’ अशी शिवी होती. टेक्सासच्या जमीनदारांना तर करारातल्या अटींपेक्षा हे ओल्या पाठीचे मजूरच परवडत. १९४७ ते १९४९ या काळात सरकारने जे मजूर करारावर घेतले त्यांत मेक्सिकोतून नव्याने आणलेले पाऊण लाखाच्या आत होते, आणि आधीच चोरून आलेल्यांपैकी कागद देऊन नियमित केलेले सुमारे १ लाख ४२ हजार! या कागद देण्याला ‘वाळवणे’ म्हणत. ऑक्टोबर १९४८ मध्ये एल पासो इथे तर मेक्सिकोशी मजुरीवरून बोलणी अडली तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांनी सीमाच खुली केली, हजारो लोक नदी ओलांडून आले आणि शेतमालकांचे ट्रक त्यांना घेऊन गेले. मेक्सिकोने संतापून करार मोडला.

१९५२ सालच्या कायद्यात तर कमालच केली आहे. बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरवला, पण त्याला नोकरी देणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पुस्ती जोडली. टेक्सासच्या मालकांसाठी केलेली म्हणून ती ‘टेक्सास पुस्ती’ याच नावाने ओळखली जाते. म्हणजे येणारा गुन्हेगार, बोलावणारा साळसूद! ही सवलत पुढे चौतीस वर्षे टिकली.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, जनरल जोसेफ स्विंग यांच्या हाताखाली मोठी धरपकड झाली. त्या मोहिमेचे सरकारी नावच त्या शिवीवरून ठेवलेले होते. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक वेळा माणसे पकडल्याची नोंद आहे. त्यानंतर बेकायदा येणाऱ्यांचा आकडा एकदम उतरला, आणि कडक धोरणाचे समर्थक याचा दाखला आजही देतात. पण त्याच सुमारास करारावरच्या मजुरांची संख्या जवळजवळ दुप्पट केली गेली, १९५६ मध्ये ती साडेचार लाखांच्या जवळ पोचली, ही गोष्ट ते सांगत नाहीत. आणि परवाने वाढवले म्हणून चोरवाट बंद झाली असे म्हणणारे धरपकडीची गोष्ट सांगत नाहीत. दोन्ही एकदम झाले होते. इतिहासाचे असेच असते, अर्धे पान फाडून नेले की कोणालाही उपयोगी पडते.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट मला विसरता येत नाही. २८ जानेवारी १९४८ रोजी मेक्सिकन मजुरांना परत नेणारे एक विमान कॅलिफोर्नियात लॉस गाटोसच्या दरीत कोसळले. ३२ माणसे गेली. त्यांतले २८ मेक्सिकन. कोणी करार संपवून चाललेले, कोणी बिनकागदाचे. बातम्यांत विमानातल्या चार अमेरिकनांची नावे आली, बाकीचे नुसते ‘परत पाठवलेले’. फ्रेस्नोच्या दफनभूमीत सगळ्यांना एकत्र पुरले, वर नावे नाहीत. वुडी गथ्री या लोकगायकाने त्यावर कविता लिहिली म्हणून ही आठवण राहिली. टिम हर्नांडेझ या लेखकाने वर्षानुवर्षे शोध घेतला आणि २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी, तिथे नावांचा दगड बसला.

असो. १९६४ च्या अखेरीस योजना बंद झाली. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले होते. (एकच माणूस पुन्हा पुन्हा येई, त्यामुळे माणसे त्याहून कमी.) बंद करणाऱ्यांचे म्हणणे होते की स्वस्त परदेशी मजूर गेले की आपल्या मजुरांची मजुरी वाढेल. शेतमालक म्हणत होते की टोमॅटोचे पीकच बुडेल. दोन्ही झाले नाही. डेव्हिस येथील विद्यापीठात हॅना आणि लोरेन्झन यांनी टणक सालीचा टोमॅटो आणि तो तोडणारे यंत्र तयार केलेच होते. पाच-सहा वर्षांत सॉससाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. आणि मजुरीचे म्हणाल तर क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवले की, जिथे ब्रासेरो पुष्कळ होते आणि जिथे मुळीच नव्हते, अशा दोन्ही प्रकारच्या राज्यांत मजुरी सारखीच चालत राहिली. मालकांनी यंत्रे घेतली, पिके बदलली.

जिथे यंत्र चालत नव्हते तिथे माणसे लागतच राहिली, आणि मेक्सिकोतल्या खेड्यांना वाट माहीत झालेली होती. त्यातच १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातल्या देशांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २० हजार कायम व्हिसा आले. कुठे चार लाख आणि कुठे वीस हजार! माणसे तीच, वाट तीच, फक्त कागद नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पकडल्या जाणाऱ्यांचा आकडा पुन्हा दहा लाखांच्या आसपास गेला.

१९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर करणारा कायदा केला आणि मालकाला दंडही प्रथमच लावला. पण ‘जाणूनबुजून’ ठेवले असेल तरच. मग काय, खोटी कागदपत्रे आली, मध्ये मुकादम आले, मालक म्हणाला मला काय माहीत. पुढे १९९३-९४ पासून एल पासो आणि सॅन डिएगोला सीमा घट्ट केली. त्याचा एक परिणाम फारसा कोणी अपेक्षिला नव्हता. पूर्वी माणूस हंगाम करून घरी जाई. आता परत येणे धोक्याचे आणि महागाचे झाले, तेव्हा तो जाईचना, उलट बायकामुलांना घेऊन आला. १९९० मध्ये सुमारे ३५ लाख असलेले बिनकागदाचे लोक २००७ मध्ये १ कोटी २२ लाख झाले.

मग खर्चाचे काय? भाच्याचा प्रश्न खरा आहे. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागद नसले तरी मुलाला सरकारी शाळेत घ्यावेच लागेल. (शिक्षिका म्हणून मला हे पटते, पण शाळेला पैसे लागतात हेही मला ठाऊक आहे.) शाळेचा खर्च मुख्यतः राज्य आणि गाव करते. उलट याच लोकांच्या पगारातून कापलेला मोठा कर वॉशिंग्टनला जातो, आणि जे निवृत्तिवेतन त्यांना कधी मिळणार नाही त्याचीही वर्गणी जाते. एका करविषयक संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये त्यांनी सगळ्या प्रकारचे मिळून ९६ अब्ज डॉलरहून अधिक कर भरले. म्हणजे पैसा एका तिजोरीत, खर्च दुसऱ्या. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशा लोकांच्या सेवा बंद करण्याचा ठराव मोठ्या बहुमताने केला (तो न्यायालयात टिकला नाही), त्यामागे हा खराखुरा ताण होता. पण त्या खर्चाचे बिल शेतमालकाकडे कधी गेले नाही, आणि स्वस्त भाजी खाणाऱ्याकडेही नाही. ते गेले शेजारच्या शाळेकडे, आणि अर्थात त्या मजुराच्या पाठीकडे.

जर्मनीचेही थोडे सांगते, म्हणजे हे एकट्या अमेरिकेचे नाही हे लक्षात येईल. ‘पाहुणा मजूर’ हा शब्द मुळात तिथलाच. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केले. तुर्की मजुरांनी दोन वर्षांत परत जायचे ठरले होते, पण शिकवून तयार केलेला माणूस घालवायला कारखानदारच तयार होईनात, तेव्हा १९६४ मध्ये ती अट काढली. १९७३ मध्ये भरती थांबली. तोवर आलेल्या सुमारे १ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी १० लाख परत गेले. उरलेले तिथलेच झाले. भरती थांबल्यावर पुन्हा येता येणार नाही म्हणून त्यांनीही घरची माणसे बोलावून घेतली. मेक्सिकन सीमेवर पुढे वीस वर्षांनी जे झाले, तेच!

तर माझे म्हणणे इतकेच. पाहुण्या मजुरांच्या कुठल्याही नव्या योजनेची चर्चा निघाली की आकडा किती हे सगळे विचारतात. मी विचारीन, त्या मजुराला मालक बदलता येतो का? आणि नियम मोडून कामाला ठेवणाऱ्या मालकाला खरोखर शिक्षा होते का? ही दोन उत्तरे ‘नाही’ असतील, तर परवान्याचा मजूर आणि बिनपरवान्याचा मजूर यांत फरक फक्त कागदाचा राहतो.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व तिकडे असलेल्या आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको. एच-१बी व्हिसावर गेलेला इंजिनियर हाही कायद्याच्या दृष्टीने तात्पुरता कामगारच. नव्या कंपनीने अर्ज भरताच तिकडे कामाला लागण्याची सवलत त्याला २००० सालच्या कायद्याने मिळाली, तोपर्यंत मंजुरीची वाट पाहत बसावे लागे. ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्यांची घालमेल अजूनही आपण ऐकतोच. शेतमजुरांसाठी आजही एच-२ए नावाचा व्हिसा आहे. २०२३ मध्ये त्याखाली पावणेचार लाखांहून अधिक जागा मंजूर झाल्या. तोही एकाच मालकाच्या नावाने निघतो. दुसऱ्या मालकाने आधी प्रमाणपत्र मिळवून अर्ज केला तरच बदल. इंग्रजी येणाऱ्या, शिकलेल्या माणसाची जिथे एवढी ओढाताण होते, तिथे घट्टे पडलेल्या हातांच्या माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज आपल्याला इतरांपेक्षा थोडा लवकर यायला हरकत नाही.

लेख लांबला खरा. तिकडे राहणाऱ्यांपैकी कोणी अशा शेतांजवळ राहत असाल, तर आता काय दिसते ते जरूर कळवा.