घरगुती सबवूफर आणि ॲम्प्लिफायरची निवड : एक ऐतिहासिक विचार

मोठ्या घरगुती सबवूफरला किती वॅटचा ॲम्प्लिफायर हवा, हा प्रश्न आज बाजारातील वाटतो. वस्तुतः त्याचे मूळ पेटीच्या आकारमानाच्या इतिहासात आहे. १९४० च्या दशकात पॉल क्लिप्श यांच्या हॉर्न पद्धतीच्या ध्वनिक्षेपकाला निर्वात नलिकांच्या ॲम्प्लिफायरचे मोजके वॅट पुरत. मात्र तो खोलीचा कोपरा अडवून बसे. १९५४ मध्ये एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापिली. विल्चर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. लहान पेटीतूनही खोल खर्ज निघू लागला, परंतु कार्यक्षमता घटली आणि भरपाईचा भार ॲम्प्लिफायरवर पडला. हा भार थोडाथोडका नव्हे : ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढविण्यास शक्ती दुप्पट लागते, १० डेसिबलसाठी दसपट. १९९० च्या दशकात बॉब कार्व्हर यांनी जेमतेम ११ इंची घनाकृती सबवूफरमध्ये २७०० वॅटचा ॲम्प्लिफायर बसविला, तो याच तर्काचा (काहीसा अतिरेकी) शेवट होय. प्रशस्त पेटीला एवढ्या शक्तीची गरज सहसा नसते. तेथे वॅटच्या आकड्याआधी ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता पाहावी, आणि ४ ओहमच्या भारावर ॲम्प्लिफायर न तापता टिकतो काय, हेही.