कुलूप कोणी काढायचे? प्राथमिक शाळेतील ग्रंथालय आणि त्यातील उपक्रम



राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी किंवा एखाद्या प्रकल्पासाठी तुम्ही कधीतरी प्राथमिक शाळेत जाल. तिथे ‘ग्रंथालय दाखवा’ म्हटले, की बहुतेक ठिकाणी एक लोखंडी कपाट दाखवले जाईल. अशा वेळी दोन वह्या मागून घ्या. एक जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंची यादी. दुसरी पुस्तकांची देवघेव नोंदवही. पहिलीवरून पुस्तके किती आहेत ते कळते, दुसरीवरून ती मुलांच्या हातात किती जातात ते. या दोन वह्यांत जे अंतर दिसते, त्याचा इतिहास या टिपणात पाहायचा आहे. मी अभियांत्रिकी शिकवतो. इतिहास हा माझा पदवीचा विषय नव्हे. पण साठा आणि प्रवाह या दोन निराळ्या राशी आहेत, हे आमच्याकडे अगदी सुरुवातीलाच शिकवतात. शाळेच्या ग्रंथालयाविषयीचा निम्मा गोंधळ त्या दोन एकच मानल्याने होतो.

सुरुवात बडोद्यापासून करावी लागते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा इथेच थांबतो. पण खरा प्रश्न यानंतरचा होता. चौथी-पाचवी शिकून मूल शाळेबाहेर पडले, घरात वाचायला एक कागदही नसला, तर पाच वर्षांत ते अक्षरे विसरणार. मग शाळांवरचा सगळा खर्च पाण्यात. ग्रंथालय ही शिक्षणाची शोभा नसून त्याची देखभाल आहे, हे बडोद्याने ओळखले. सयाजीरावांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. 1910 साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बोर्डन जेमतेम तीन वर्षे राहिले, पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, 1911 मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला आणि गावोगाव जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या सुरू झाल्या.

या पेट्यांकडे जरा नीट पाहा. लाकडी पेटी, तिला कुलूप, आत थोडी निवडक पुस्तके. पेटी मागवणाऱ्या गावाला वाहतुकीचा खर्च पडत नसे. पुस्तके वाचून झाली की पेटी परत, आणि दुसरी पेटी गावात. म्हणजे कुलूप इथेही होते. पण ते प्रवासापुरते होते. मुक्कामी पोहोचल्यावर पेटी उघडलीच पाहिजे, कारण ती ठरल्या वेळी परत जाणार आहे. बंद ठेवून कोणाचाच फायदा नव्हता. मला बडोद्याच्या सगळ्या योजनांत ही साधी युक्ती सर्वांत हुशारीची वाटते. गावाचे कायमचे ग्रंथालय काढायचे तर खर्चाचा एक वाटा गावाने, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने उचलायचा अशी पद्धत होती. स्वतःचे पैसे घातलेली वस्तू गाव कुलपात कुजू देत नाही, हा त्यातला हिशोब.

मुलांचा विचारही इथे वेगळा झाला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तिथे चित्रांच्या पुस्तकांबरोबर बैठे खेळही ठेवलेले होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नचे, पुढे सिनेमाचे खेळ गावांतून दाखवले जात. आज आपण ज्याला ‘ग्रंथालयीन उपक्रम’ म्हणतो, त्याचे बीज इथे सापडते. सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी मराठी आणि गुजराती पुस्तके निघाली. ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचे ग्रंथालयविषयक नियतकालिक 1912 पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होते. आज अशा विषयावर तीन भाषांत नियतकालिक काढायचे, तर त्याच्या मंजुरीलाच किती वर्षे लागतील याचा अंदाज करून पाहा.

बडोदे संस्थानाकडे राजा होता, पैसा होता. वर्गात एकट्या उभ्या असलेल्या मास्तराने काय करायचे? याचे उत्तर शेजारच्या भावनगरातून आले. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटे गुजराती पुस्तक तुम्ही मिळवून वाचाच. मराठी, हिंदी, इंग्रजीत त्याचे अनुवाद आहेत. त्यातला मास्तर लक्ष्मीराम हा काल्पनिक आहे. तो शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो. पहिल्या दिवशी त्याची पुरती फजिती होते. त्याने योजलेला शांततेचा खेळ वर्ग उधळून लावतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि दंगा करणारी तीच पोरे जागची हलत नाहीत.

पुढची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुलांनी प्रत्येकी पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी ते पैसे एकत्र करावेत आणि त्यांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करावे, असे लक्ष्मीराम ठरवतो. पालक कुरकुरतात, सहकारी हसतात. पण हिशोब सरळ आहे. चाळीस मुलांकडे त्याच एका पुस्तकाच्या चाळीस प्रती असण्यापेक्षा चाळीस निरनिराळी पुस्तके असली, तर त्याच पैशांत प्रत्येक मुलाला चाळीस पुस्तके मिळतात. (चाळीस हा आकडा माझा आहे, समजावण्यापुरता.) अट एकच: पुस्तक हातोहात फिरले पाहिजे. कपाटात ठेवले की गणित कोसळते. गोष्ट, मग त्या गोष्टीचे पुस्तक, मग त्याचे नाटक, मग मुलांनी स्वतः लिहिणे अशी साखळी गिजुभाईंनी बांधली. त्यासाठी पुस्तकेच नव्हती, म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान लहान पुस्तिकांची मालाच लिहून काढली. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी ताराबाई मोडक हे काम मराठीत घेऊन आल्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये ताराबाईंनी जे काम उभे केले, त्याची मुळे भावनगरात होती.

मद्रासकडे याच काळात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी या सगळ्याला नियमांचे रूप दिले. ते मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले असे, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. वाचताना हसू येते, इतके साधे. पण पूर्वी युरोपात पुस्तके साखळीने बांधून ठेवत, हे आठवले की त्या सूत्राचा रोख कळतो. त्याच वर्षी मन्नारगुडीजवळच्या मेलवासल येथून पुस्तके लादलेली बैलगाडी खेड्यांत फिरू लागली. 1942 मध्ये रंगनाथन यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच बडोद्याची यंत्रणा, भावनगरची पद्धत आणि मद्रासची सूत्रे अशी सगळी सामग्री आपल्याकडे तयार होती.

मग कपाटाला कुलूप कसे लागले?

इथे मी इतिहास सोडून थोडा साक्षीदार होतो. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 मध्ये ‘खडू-फळा’ योजना आली. इंग्रजीत ती ऑपरेशन ब्लॅकबोर्ड म्हणून ओळखली जाते. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य देणे हा हेतू. साहित्यात विज्ञानपेटी, गणितपेटी, पृथ्वीगोल, नकाशे, वाद्ये आणि ग्रंथालयासाठी पुस्तके. आमच्या गावच्या शाळेत हे सामान आले तेव्हा मी तिसरीत होतो. खोकी उघडताना आम्ही सगळे खिडकीला लटकलो होतो. रंगीत मुखपृष्ठांची पुस्तके एकेक करून बाहेर आली, यादीशी ताडली गेली, त्यांवर शिक्के बसले आणि ती कपाटात गेली. चौथी पास होऊन मी बाहेर पडेपर्यंत ती दोनदा बाहेर आलेली पाहिली. दोन्ही वेळा तपासणी होती.

बरीच वर्षे मी आमच्या गुरुजींना मनातल्या मनात दोष दिला. पुढे स्वतः प्रयोगशाळेचा प्रभारी झालो, जडसंग्रहाच्या वहीवर सही केली आणि मग प्रकार समजला. वहीत लिहिलेली प्रत्येक वस्तू तपासणीच्या दिवशी जागेवर दाखवावी लागते. नसली तर प्रश्न सही करणाऱ्याला. फाटलेले पुस्तक रद्द करायचे म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, वरून मंजुरी. आठ रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी एवढे कोण करील? गुरुजी वाचनाचे वैरी नव्हते. पुस्तक न वाचले गेल्याबद्दल त्यांना कोणी विचारणार नव्हते, हरवल्याबद्दल मात्र विचारणार होते. त्यांनी जे केले ते त्या नियमांत शहाणपणाचेच होते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. ‘खडू-फळा’चे साहित्य मोडेल-हरवेल या भीतीने कुलपात राहिल्याची तक्रार देशभर झाली.

त्यानंतरचे टप्पे भराभर सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके हवीत, असे लिहिले गेले. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांचे ग्रंथालय अनुदान आहे. साठ्याची बाजू सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रवाहाच्या बाजूला आपण दिवस साजरे करू लागलो. केरळात ग्रंथालय चळवळीचे प्रणेते पी. एन. पणिक्कर यांचा 19 जून हा स्मृतिदिन 1996 पासून वाचनदिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन झाला. मी या दिवसांची टिंगल करणार नाही. त्या निमित्ताने का होईना, कपाट उघडते. पण पणिक्कर स्वतः शिक्षक होते आणि 1945 साली त्यांनी त्रावणकोरातल्या 47 ग्रंथालयांना एकत्र आणले, तेव्हा त्या ग्रंथालयांत माणसे रोज येत होती. केरळातल्या वाचनदिनामागे ती रोजची रहदारी आहे. तुम्ही शाळेत गेलात तर देवघेव वहीत 16 ऑक्टोबरचे पान उघडून पाहा.

मागच्या हिवाळ्यात आमचे विद्यार्थी एका दोनशिक्षकी शाळेत शिबिराला गेले होते. तिथल्या बाईंनी कपाटाची दारेच काढून ठेवली होती. चौथीची दोन मुले आठवड्याच्या पाळीने देवघेव लिहीत. शनिवारी दप्तराला सुट्टी; एक मूल आपण वाचलेली गोष्ट पहिली-दुसरीला सांगे आणि पिठाच्या खळीने पुस्तके डकवण्याचे काम चाले. आमच्या एका मुलाने बाईंना विचारले, तपासणीला काय दाखवता? त्यांनी वही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात ठिकठिकाणी तारीख घालून लिहिले होते, ‘वाचून फाटले’, आणि खाली त्यांची सही होती.